केळीच्या कागदावरची तक्रार

बुऱ्हाणपूर येथील लालबाग, बुधवारा आणि तापीच्या दोन्ही काठांवरील तमाम जनतेस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखिका, वय पन्नाशीच्या एक पाऊल अलीकडे, व्यवसाय मॅचिंग ब्लाउजपीस व अस्तराचे दुकान, फुटबॉलचे ज्ञान शून्य, ही एका फुटबॉल क्लबाची बालसुरक्षा अधिकारी होती. होय, अधिकारी. गळ्यात ओळखपत्र होतं. त्यावर फोटो होता आणि फोटोत माझे डोळे मिटलेले होते. जनतेने कृपया आत्ताच हसू नये. हसायची जागा पुढे येईल, आणि हसल्याची लाज वाटायची जागाही तिच्या मागोमाग येईल. मला वाटली, तुम्हालाही वाटावी अशी माझी इच्छा आहे. मी एकटीनं का सोसायचं?

नेमणूक कशी झाली ते सांगते. आमच्या लालबागेत कागदाच्या मिलमधून निवृत्त होऊन आलेल्या मराठी कुटुंबांचा मोठा गोतावळा आहे. मीही त्यातलीच. बालपण मिलच्या कॉलनीत गेलं, मग लग्न होऊन बुधवाऱ्यात दुकानदारांच्या घरात आले. या निवृत्त मंडळींचं सकाळचं फिरणं झालं की उरलेला दिवस त्यांना खायला उठायचा. त्यांच्यातले काहीजण तरुणपणी मिलच्या संघातून फुटबॉल खेळलेले. त्यांनी स्टेशनच्या पलीकडचं एक ओसाड मैदान साफसूफ करून मुलांचा क्लब काढला. हेतू चांगला होता, हे मी आजही म्हणते. आधी नुसती मुलं आली, पुढच्या वर्षी मुलीही आल्या. गुडघे फोडून घेत, केस उडवत, शिव्या देत पोरी धावायला लागल्या. मी त्यांच्या जर्सीच्या बाह्या आखूड करून द्यायचे. माझा आणि खेळाचा संबंध एवढाच.

मग कुठून तरी वरून एक फॉर्म आला. अध्यक्षांचा मला दुकानावर फोन.

"वहिनी, फॉर्मात एक बाई लागते."

"कसली बाई?"

"कसलीही. सही करता येणारी."

"काम काय करायचं?"

"काम काही नाही हो. मुलांची सुरक्षा. तुमचा फोटो पाठवा."

अशा रीतीनं मी अधिकारी झाले. आणि खरं सांगते, मला आनंद झाला. गिऱ्हाइकाला मोरपंखी आणि रामा हिरव्यातला फरक समजावून समजावून आयुष्य चाललेलं. त्यात कुणीतरी 'अधिकारी' म्हटलं तर कुणाला वाईट वाटेल? मी नवऱ्याला दोन दिवस चहाही ओळखपत्र घालूनच दिला.

फॉर्ममध्ये तक्रारपेटीही लिहिली होती. पेटी आली. पत्र्याची, लाल, वर फट, खाली कुलूप. तिला हार घातला, नारळ फोडला, अध्यक्षांनी बालकांच्या भवितव्यावर भाषण केलं आणि सगळ्यांनी मावा जलेबी खाल्ली. पेटी मैदानावरच्या पाण्याच्या टाकीजवळ टांगली. किल्ली सचिवांकडे. दर महिन्याच्या बैठकीत ते पेटीतले कागद आणायचे आणि मी ते आवाज काढून वाचायचे. 'पाणी गरम असते.' 'गोलकीपरला ग्लोव्हज द्या, हाताची सालटी निघाली.' 'बारक्या पोरांना आमच्या मैदानावरून हाकला.' मी रडका आवाज लावायचे, रागीट लावायचे, बारक्यांचा वेगळा लावायचे. समिती हसून लोळायची. मुलांच्या तक्रारी म्हणजे चहासोबतची करमणूक, अशी आमची समजूत झाली होती, आणि ती करून देणारी मी होते.

आता आमच्या लोकांचा एक रोग सांगायला हवा, नाहीतर पुढचं पटणार नाही. मिलच्या माणसाच्या हातात लग्नपत्रिका द्या. तो मुहूर्त बघणार नाही. आधी कागद अंगठ्यानं चोळेल. कोपरा वाकवून त्याचा आवाज ऐकेल. उजेडासमोर धरेल. मग "शंभर ग्रामच्या वर आहे" असं म्हणून पत्रिका टीव्हीवर ठेवून देईल. लग्न कुणाचं, ते घरातल्या बाईनं बघायचं. माझ्या वडिलांना बढतीचं पत्र आलं तेव्हा त्यांनी आधी त्याची कड फाडून पाहिली आणि म्हणाले, "ऑफिसला आपलाच माल वापरायला लाज वाटते काय?" बढती मिळाल्याचं आईनं वाचून सांगितलं. दवाखान्याचा रिपोर्ट असो, कोर्टाची नोटीस असो, आमच्याकडे आधी कागद बघतात. मला याचा फार अभिमान होता. अजूनही थोडा आहे, आणि त्या थोड्याचीसुद्धा चीड येते.

त्या महिन्याची बैठक सचिवांच्या घरी होती. चौघेजण होतो. अध्यक्ष, मिलमध्ये कागदाची रिळं कापायच्या खात्यातून निवृत्त. सचिव, मिलच्या प्रयोगशाळेत कागद तपासण्यात उभा जन्म काढलेले. मी. आणि चौथे सर, म्हणजे मुलींचे कोच. चाळिशीचा, दिसायला नीटनेटका, सगळ्यांना 'जी' लावून बोलणारा माणूस. समितीत कोच कशाला, हा प्रश्न तेव्हा कुणालाच पडला नाही. सर होते म्हणून क्लब होता, असं अध्यक्ष म्हणायचे. सचिवांची नातही संघात खेळायची. बारा वर्षांची, इंग्रजी शाळेतली, मधल्या फळीत. तीच पाण्याचा ट्रे घेऊन आली आणि ठेवून तिथंच घुटमळली.

"जा बेटा, मोठ्यांचं चाललंय," सचिव म्हणाले. ती गेली.

पेटीत या वेळी एकच कागद होता. अध्यक्षांनी उघडला, मनातल्या मनात वाचला, घसा खाकरला आणि सरांकडे न बघता तो सचिवांना दिला. "हे जरा वेगळं आहे. नाव नाही कुणाचं."

आता कुठल्याही शहाण्या माणसानं काय केलं असतं? वाचलं असतं. सचिवांनी तो चोळला.

"वहीचा नाही," ते म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम उजळला. निवृत्तीनंतर इतकं उजळलेलं मी त्यांना पाहिलं नव्हतं. "वहीचा कागद असा वाजत नाही. ऐका." त्यांनी तो कानाशी हलवला. मग अध्यक्षांच्या कानाशी हलवला. "तपकिरी. एका अंगानं गुळगुळीत, दुसऱ्या अंगानं खरखरीत. हा पॅकिंगचा."

"पुड्याचा असेल, वाण्याकडचा," अध्यक्ष म्हणाले. त्यांनाही राहवेना.

"छे! पुड्याचा जाड असतो. हा बघा." आणि सचिवांनी त्या तक्रारीची कड उभी फाडली, मग आडवी फाडली. "बघा, असा सरळ जातो, असा वाकडा जातो. लांबीकडून कापलाय. शीट मोठी आहे मूळची."

पुन्हा सांगते. एका लेकरानं जीव मुठीत धरून लिहिलेल्या तक्रारीची कड फाडून हा गृहस्थ तिचा पोत बघत होता. आणि आम्ही दोघं माना डोलावत होतो. सर हाताची घडी घालून बसले होते आणि हसऱ्या चेहऱ्यानं बघत होते.

मग कागद माझ्याकडे आला. माझी नजर अक्षरांवर गेली, नाही असं नाही. 'सर' दिसलं. 'खोली' दिसलं. पण कोपऱ्यात एक काळपट डाग होता आणि तो मला त्याहून आधी दिसला. मी डाग नखानं खरवडला. नाकाशी नेला. दोघं निवृत्त माझ्याकडे बघत होते आणि मला, देवा, मला स्टेजवर उभं असल्यासारखं वाटत होतं.

"केळीचा चीक!" मी जाहीर केलं.

अहो, बुऱ्हाणपुरात कापडाचं दुकान चालवणाऱ्या बाईला केळीचा चीक कळणार नाही? अर्ध्या गावाच्या साड्यांवर तो डाग घेऊन बाया येतात, 'वहिनी, हा जाईल का?' म्हणून विचारतात, आणि मी म्हणते, नवी साडी घ्या, मॅचिंग माझ्याकडे आहे. तो जात नाही.

"केळीच्या पेट्यांत फण्यांच्या मध्ये घालतात तो कागद!" सचिव खुर्चीतून अर्धे उठले. "वा, वहिनी! तुम्ही लॅबमध्येच हव्या होतात."

अध्यक्षांनी टाळी वाजवली. खरोखर वाजवली. मी मान लववली. तेवढ्यात सर अगदी हळू आवाजात म्हणाले, "केळीच्या पॅकिंगवर तर आपल्या क्लबात एकीचेच पप्पा आहेत जी."

मग अध्यक्षांनी विषय आवरता घेतला. "वडिलांना बोलावून घेऊ. पोर आहे, आलं असेल डोक्यात काहीतरी. रविवारी मैदानावर येऊन सरांच्या पाया पडेल, विषय मिटेल. वहिनी, हा कागद तुमच्या फायलीत ठेवा. बालसुरक्षा."

मी कागद पर्समध्ये ठेवला आणि घरी आले. जेवताना नवऱ्याला सगळा प्रकार रंगवून सांगितला. सचिवांचा कान, अध्यक्षांची टाळी, माझं नाक. नवरा पोट धरून हसला. मग डोळे पुसत त्यानं विचारलं, "पण लिहिलं काय होतं?"

आणि मला सांगता येईना.

मी उठून पर्समधून कागद आणला आणि ओट्यापाशी उभी राहून वाचला. हिंदीत होता. मोठी, सुटी सुटी अक्षरं, प्रत्येक ओळ खाली उतरत गेलेली. मराठीत तो असा होतो:

'सर लागलंय का बघतो म्हणून एकेकीला सामानाच्या खोलीत बोलावतात. आतून कडी लावतात. आम्हाला ते नको वाटतं. नाही म्हटलं तर टीममधून काढतात. मोठ्यांपैकी कुणीतरी तिथं थांबत जा. नाव विचारू नका.'

या वेळी मी कुठलाही आवाज लावला नाही. लावताच आला नाही.

नवऱ्यानं हातातला घास ताटात ठेवला. "आणि तो माणूस तिथंच बसला होता?"

"हो."

"आणि तू डाग ओळखलास."

संसाराच्या इतक्या वर्षांत हा माणूस मला कधी टाकून बोलला नाही. तेव्हाही आवाज चढवला नाही त्यानं. ताट उचलून गेला. मला वाटलं, त्यानं ते ताट आपटलं असतं तर बरं झालं असतं.

मी रागानं पेटले. आधी सचिवांवर. मग अध्यक्षांवर. मग त्या फॉर्मवर, पेटीवर, नारळावर. सगळ्यांना शिव्या घालून झाल्या आणि रांगेत शेवटी मीच उभी होते, गळ्यात ओळखपत्र घालून. त्या पोरीनं एकच गोष्ट मागितली होती, नाव विचारू नका. आम्ही विचारलं नाही. आम्ही हुंगून काढलं.

अध्यक्षांना फोन केला. "त्या मुलीच्या वडिलांना बोलावू नका. आणि सरांना आधी मैदानावरून बाजूला करा."

"वहिनी, निरोप गेला. आता सभेत बघू. उगाच गावभर नको. मुलींच्या अब्रूचा प्रश्न आहे."

मुलींच्या अब्रूचा! पाया पडायला मुलीला बोलावलंय आणि अब्रू आठवली म्हणे. मी फोन ठेवला. मग पुन्हा उचलून पुन्हा आपटून ठेवला, कारण पहिल्यांदा नीट आपटला गेला नव्हता.

रविवारी सकाळीच त्या मुलीच्या घरी गेले. वडील मूळ डोईफोडिया गावचे, कामासाठी इकडे आलेले. केळीच्या पॅकिंग शेडच्या मागे त्यांच्या दोन खोल्या. मुलगी तेरा वर्षांची, डाव्या पायानं खेळणारी. तिच्या पायात चेंडू आला की अध्यक्षसुद्धा शिट्टी मारायचे. विभागाच्या निवड चाचणीला जाणाऱ्यांत तिचं नाव होतं. निरोप आल्या दिवसापासून ते कापलं होतं.

वडिलांनी मला बघून खुर्ची पुसली. त्यांच्या हाताला, बाहीला, सगळीकडे तोच चिकाचा काळा डाग.

"चुकली असंल तं माफी मांगून घेऊ, ताई," ते म्हणाले. "पण तिले खेळू द्या. दोन दिस झाले, जेवली नाही नीट."

"ती काय चुकली?" आई आतून कडाडली. "कायले माफी? आधी सांगा तं, काय केलं तिनं!"

मुलगी उंबऱ्यात बसून बूट साफ करत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"मावशी, मी नाही लिहिलं," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

"मग कुणी लिहिलं?"

पाहा! माझ्याही तोंडून तोच प्रश्न. चार दिवस शिव्या देऊन झाल्यावर, समजून उमजून, माझ्या तोंडून पहिला प्रश्न तोच निघाला. मुलीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. उत्तर देण्याच्या लायकीची बाई नाही, हे तिला कळलं होतं.

तिनं बुटात हात घातला आणि आतून एक चुरगळलेला कागद काढला. तपकिरी. एका अंगानं गुळगुळीत.

"हे काय गं?"

"बूट ओले होतात ना. रात्रभर कागद भरून ठेवला की सुकतात, आकारही राहतो. पप्पांकडे फाटके कागद पडलेले असतात. मीच आणते सगळ्यांना."

"सगळ्यांना?"

"सगळ्या टीमला. सगळ्यांच्या बुटात हाच असतो."

दोन तज्ज्ञ आणि एक अधिकारी! साठ-सत्तर वर्षांचा कागदाचा अनुभव गोळा करून आम्ही गुन्हेगार शोधून काढला होता, आणि तोच कागद क्लबातल्या प्रत्येक मुलीच्या बुटात कोंबलेला. आमच्यापैकी एकानं कधी एकदा त्यांच्या बुटात डोकावून पाहिलं असतं तर! पण मुलांच्या जवळ जाऊन बघायची सवय कुणाला होती? आमच्यासाठी मुलं म्हणजे पेटीच्या फटीतून येणारं काहीतरी.

मला हसू फुटलं, आणि त्याच क्षणी मी पदर तोंडाला लावला. या वेळी मी प्रश्न नीट जुळवून विचारला. "बेटा, कुणी लिहिलं ते मला नको. त्यात आहे ते खरं आहे का, एवढंच."

ती बराच वेळ नाडी ओवत राहिली. दोन्ही बुटांची ओवून झाली.

"कडी वर आहे," ती म्हणाली. "माझा हात पुरत नाही."

आईनं तिला कुशीत ओढलं. वडील खुर्ची पुसायचं फडकं हातात धरून तसेच उभे राहिले. मग त्यांनी फडकं खाली टाकलं आणि म्हणाले, "चाला. मी बी येतो."

दुपारी क्लबाच्या खोलीत सभा भरली. ही खोली मैदानालाच लागून, आणि तिच्या शेजारीच ती सामानाची खोली. मी येताना आधी व्हरांड्यात थांबले. तिथल्या फळीवर मुलींचे बूट ओळीनं ठेवलेले असतात. मी साडीचा पदर खोचला, सगळे बूट एका चादरीत भरले, गाठोडं पाठीवर टाकलं आणि आत शिरले. मुली सरावासाठी आल्या होत्या; त्या माझ्या मागोमाग येऊन खिडकीच्या गजांना लटकल्या.

आत पाया पडण्याची तयारी जय्यत होती. सरांना मधली खुर्ची दिली होती. हाराचं तेवढं राहिलं होतं.

"सर, तुम्ही बाहेर जा," मी म्हणाले.

"वहिनी, सरांना असं कसं उठवायचं?" अध्यक्ष.

"तोंडानं. उठा, सर. नाहीतर मी ओरडायला सुरुवात करते. माझा आवाज दुकानातून चौकापर्यंत जातो, इथून स्टेशनपर्यंत जाईल."

सर हसले. "मॅडमजी, आप तो बुरा मान गईं." पण उठले. दारात केळीवाले वडील उभे होते. ते तसूभर बाजूला सरकले नाहीत. सरांना अंग चोरून त्यांच्या बाजूनं निघावं लागलं, आणि हसू तिथंच संपलं.

मग मी गाठोडं टेबलावर उपडं केलं. चिखलानं भरलेले, घामानं कुबट झालेले मुलींचे बूट, अध्यक्षांच्या चहाच्या कपापाशी. अध्यक्षांनी नाकाला रुमाल लावला. "हे काय चालवलंय?"

"तपासणी. तुम्हाला आवडते ना?"

मी एकेका बुटातून कागद उपसून टेबलावर फेकत गेले. तपकिरी. तपकिरी. तपकिरी. एक कागद सचिवांच्या समोर पडला आणि त्यांच्या अंगठ्यानं सवयीनं त्याला चोळलंसुद्धा. "तोच आहे," ते बोलून गेले.

"तो तुमच्या नातीच्या बुटातला आहे, बुटावर नाव आहे तिचं," मी म्हणाले. "आता बसा आणि ऐका. या कागदावर काहीतरी लिहिलेलंही आहे."

मी तक्रार वाचली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, सावकाश. 'आतून कडी लावतात' इथं थांबले आणि शेजारच्या भिंतीकडे बोट केलं. 'मोठ्यांपैकी कुणीतरी तिथं थांबत जा' हे वाक्य दोनदा वाचलं. तीन मोठी माणसं त्या भिंतीच्या अलीकडे बसून महिनोन्महिने चहा पीत होती आणि पोरी एवढंच मागत होत्या, की इकडे नका बसू, तिकडे थांबा.

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण लोक मला मधेच तोडून तेच विचारतात. त्याच संध्याकाळी मी आणि तीन मुलींच्या आया पोलिसांच्या महिला कक्षात गेलो. तो कागद तिथं जमा केला, कड फाटलेली का, तेही मान खाली घालून सांगितलं. तिथल्या बाईंनी मुलींशी घरी येऊन, साध्या कपड्यांत, आईसमोर बोलून सगळं लिहून घेतलं. सर क्लबात पुन्हा आले नाहीत. प्रकरण कोर्टात आहे, म्हणून त्याबद्दल एवढंच. केळीवाल्या वडिलांनी दुसऱ्या दिवशी सामानाच्या खोलीचं दार बिजागऱ्यांसकट उखडलं आणि ते पॅकिंग शेडवर घेऊन गेले. आता चेंडू उघड्यावर असतात, एखादा चोरीला जातो, जाऊ दे. सरावाला रोज दोन आया पाळीपाळीनं खुर्ची टाकून बसतात. डाव्या पायाची मुलगी चाचणीला जाऊन आली. मला अधिकारीपदावरून काढायला अध्यक्षांनी ठराव मांडला होता. त्यांना तो लिहायला कुणी कागद दिला नाही, असं मी सांगते. खरं म्हणजे आयांनी त्यांनाच काढलं.

पण त्या दुपारी, मी वाचून संपवलं तेव्हा, यातलं काहीच झालं नव्हतं. खोलीत एवढंच झालं, की अध्यक्षांनी रुमाल खाली घेतला आणि अत्यंत विचारपूर्वक म्हणाले, "बरं, कागद सगळ्यांकडे असतो, हे मान्य. मग लिहिलं कुणी? ते कळल्याशिवाय पुढं कसं जायचं?"

आणि सचिव, ज्यांच्या हातात अजून तो नातीच्या बुटातला कागद होता, त्यांना तेवढ्यात तोडगा सुचला. त्यांचा चेहरा पुन्हा उजळायला लागला. त्यांनी खिशातून पेन काढलं.

"सोपं आहे," ते म्हणाले. "सगळ्या मुलींना आत बोलवा. एकेक ओळ लिहून घेऊ. अक्षर जुळवून बघता येईल."

केळीवाले वडील एक पाऊल पुढं आले. मी टेबलावरचा एक बूट उचलला. तो नेमका कुणावर फेकायचा हे अजून ठरलं नव्हतं. खिडकीत मुलींची गर्दी हलली आणि त्या गर्दीतून सचिवांची नात पुढं घुसली. गजांत तोंड खुपसून, रडत, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी ती ओरडली, "आजोबा, कशाला सगळ्यांना बोलावता? नीट बघा ना, ते अक्षर माझं आहे!"